चार बॅटऱ्या, राबते एकच: पॅरलल लिथियम बँकेतला करंट मोजायचा कसा आणि सारखा करायचा कसा

नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी, निफाड, सिन्नर या पट्ट्यात शेतावरच्या घरांत, पॅकहाऊसमध्ये, छोट्या रिसॉर्टमध्ये आता लिथियमच्या बॅटऱ्या सर्रास दिसतात. आधी एक-दोन घेतल्या जातात. महावितरणच्या वेळापत्रकाचा अनुभव आला आणि खिसा मोकळा झाला की आणखी दोन शेजारी लावल्या जातात. मग तक्रार येते ती एकाच छापाची: 'एक नंबरची बॅटरी सगळ्यात आधी उतरते, चार नंबरची तशीच भरलेली राहते. बॅटरी खराब निघाली, बदलून द्या.'

माझं ठाम मत आहे की अशा दहा तक्रारींतल्या बहुतेक वेळा बॅटरी धडधाकट असते. दोष असतो तिच्यापासून इन्व्हर्टरपर्यंतच्या वाटेत: केबलची मांडणी, एखादी थिंबल (केबलच्या टोकाला बसवलेली धातूची कडी), एखादा एमसीबी (ब्रेकर). तो शोधायची पद्धत सोपी आहे, पण तिला क्रम आहे. लोक पाना घेऊन सगळे नट आवळत सुटतात. त्याने कधी कधी फरक पडतो, पण दोष नेमका कुठे होता हे कायमचं हरवतं आणि सहा महिन्यांनी तो परत येतो. म्हणून आधी मोजायचं, मगच हात लावायचा.

खाली मी ५१.२ व्होल्टच्या, १०० ॲम्पिअर-तासांच्या, लिथियम आयर्न फॉस्फेटच्या चार बॅटऱ्या धरून लिहितो. आपल्याकडे हीच मांडणी जास्त आहे. २४ व्होल्टच्या बँकेला, म्हणजे एकत्र जोडलेल्या बॅटऱ्यांच्या संचाला, पद्धत तीच लागू पडते.

करंट असमान का वाटला जातो

पॅरलल जोडणीत (सगळ्यांचे प्लस एकत्र, सगळ्यांचे मायनस एकत्र) प्रत्येक बॅटरीला सारखा व्होल्टेज मिळतो असं आपण धरून चालतो. कागदावर ते खरं, प्रत्यक्षात केबललाही रेझिस्टन्स, म्हणजे करंटला विरोध, असतो. ३५ स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या केबलला मीटरमागे साधारण अर्धा मिलिओहम. ऐकायला किरकोळ वाटतं. पण एका चांगल्या बॅटरीचा स्वतःचा रेझिस्टन्स, सेल, आतले बसबार (जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्या) आणि बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवणारं आणि मर्यादा ओलांडली की तिला तोडणारं आतलं सर्किट) धरून, १० ते २० मिलिओहमच असतो. म्हणजे एक-दोन मिलिओहमचा जोड तिच्या हिश्शात दहा टक्क्यांचा फरक सहज पाडतो. जुन्या लेड-ॲसिडच्या बँकेत आतला रेझिस्टन्स जास्त असल्यामुळे केबलचे असले दोष झाकले जायचे. लिथियम ते उघडे पाडतं.

आता मांडणीचा हिशोब बघा. चार बॅटऱ्या एकीला एक साखळीसारख्या जोडल्या आहेत आणि इन्व्हर्टरचे प्लस-मायनस दोन्ही एक नंबरवरूनच घेतले आहेत. प्रत्येक बॅटरी १० मिलिओहमची आणि दोन बॅटऱ्यांमधले प्लस-मायनसचे तुकडे मिळून १ मिलिओहम धरू. इन्व्हर्टरने १०० ॲम्पिअर ओढले की हिस्से पडतात ते साधारण ३३, २६, २२ आणि २० असे. पालखेड डाव्या कालव्याच्या टेलला शेती असलेल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही: तोंडाशी असलेल्याला भरपूर, शेवटच्याला उरलंसुरलं.

याच चार बॅटऱ्या, याच केबल. फक्त प्लस एक नंबरवरून आणि मायनस चार नंबरवरून घेतला की तेच हिस्से २६, २४, २४, २६ होतात. खर्च एका लांब केबलचा.

असमानतेची खरी किंमत वेगळ्याच ठिकाणी मोजावी लागते. समजा प्रत्येक बीएमएस सलग ५० ॲम्पिअर देऊ शकतो. चार बॅटऱ्यांचे २०० ॲम्पिअर, असं मालक समजतो. पण पहिल्या मांडणीत एकूण लोड १५० ॲम्पिअरच्या थोडा वर गेला की एक नंबरच्या वाट्याला ५० पेक्षा जास्त येतात. तिचा बीएमएस तोडतो, तिचा भार उरलेल्या तिघींवर पडतो, मग दोन नंबर जाते आणि बघता बघता सगळं बंद. मोठी मोटर सुरू करताना 'बॅटरी ८० टक्के असून इन्व्हर्टर बंद पडतो' अशी जी तक्रार येते, तिच्यामागे पुष्कळदा हेच असतं.

हाताशी काय हवं

डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर. हे नीट पाहून घ्या. बाजारातले स्वस्त क्लॅम्प मीटर फक्त एसी करंट मोजतात, डीसी केबलभोवती ते शून्य दाखवतात आणि माणूस बुचकळ्यात पडतो. दुसरं, मिलिव्होल्टची रेंज असलेला मल्टिमीटर. तिसरं, दांड्याला इन्सुलेशन असलेला पाना, शक्यतो टॉर्क (आवळण्याचा जोर) दाखवणारा. आणि वही.

अंगठी, कडं, घड्याळाचा धातूचा पट्टा काढून ठेवा. ५० व्होल्टचा झटका सहसा मोठा नसतो, पण प्लस-मायनसमध्ये पाना आडवा पडला तर हजारो ॲम्पिअरचा शॉर्ट होतो, पाना लाल होतो आणि वितळलेलं तांबं उडतं. डोळ्यांवर चष्मा हवाच.

पायरी १: एकसारखा लोड लावा

सोलरचा डीसी स्विच बंद करा, ग्रिडची एंट्री बंद करा. सोलर चालू ठेवून मोजलं तर एक ढग सगळे आकडे फिरवून टाकतो. हे काम संध्याकाळी करायला मला आवडतं.

मग स्थिर लोड हवा. २००० वॅटचा गिझर आणि १००० वॅटची इस्त्री लावली तर बॅटरीकडून साधारण ६० ते ६५ ॲम्पिअर जातात. गिझरचा नळ बारीक सोडून ठेवा आणि इस्त्री सर्वात वरच्या आकड्यावर ठेवा, नाहीतर थर्मोस्टॅट मधेच तोडतो. बँक अंदाजे ४० ते ७० टक्क्यांच्या दरम्यान असावी. हे का, ते पुढे येईल.

पायरी २: प्रत्येक बॅटरीचा करंट

क्लॅम्प मीटर केबलपासून लांब धरून शून्य करा. मग बॅटरीच्या स्वतःच्या केबलभोवती लावा. साखळी जोडणीत दोन बॅटऱ्यांमधल्या तुकड्यावर क्लॅम्प लावला तर तिथे पुढच्या सगळ्यांचा मिळून करंट दिसतो, म्हणून एका टर्मिनलवर दोन केबल असतील तर दोन्हींचे आकडे घेऊन वजाबाकी करा. मीटरवरच्या बाणाची दिशा प्रत्येक वेळी तीच ठेवा आणि दर वेळी शून्य करा, कारण हे मीटर शेजारच्या केबलच्या चुंबकीय क्षेत्रानेही थोडे सरकतात.

चारही आकडे लिहा, मग मुख्य केबलचा. चारांची बेरीज मुख्य आकड्याच्या जवळ यायलाच हवी. नाही आली तर मोजण्यात घोळ आहे, पुढे जाऊ नका.

मोबाइल ॲपवर बीएमएस जे ॲम्पिअर दाखवतो ते शेजारी लिहून ठेवा, पण निर्णय क्लॅम्पवर घ्या. कित्येक बीएमएस बारीक करंट मोजतच नाहीत, शून्य दाखवतात. टक्केवारीवर तर अजिबात विसंबू नका. तो आकडा आत-बाहेर गेलेल्या करंटच्या बेरीज-वजाबाकीवर चालतो, चूक रोज थोडी साठत जाते आणि बॅटरी पूर्ण भरल्यावरच ती पुसली जाते. एक ६२ टक्के आणि दुसरी ७१ टक्के दिसते एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

हेच मोजमाप पुढच्या दिवशी सोलरने चार्जिंग चालू असताना, आकाश स्वच्छ असेल तेव्हा, पुन्हा करा. दोन्ही बाजूंचे आकडे हाती असल्याशिवाय निदान अर्धवट राहतं.

पायरी ३: आकड्यांचा आकार वाचा

एकापासून चारापर्यंत करंट पायरीपायरीने उतरत असेल तर दोष मांडणीचा. वर दिलेला हिशोब तोच आहे.

एकच बॅटरी मागे आहे, चार्जिंगलाही आणि लोडलाही, तर तिच्या वाटेत जास्तीचा रेझिस्टन्स आहे. पायरी ४ तिच्यासाठीच आहे.

एखादी लोडला काम करते पण चार्जिंगला शून्य घेते, तर तिच्या बीएमएसने चार्जिंगचा रस्ता बंद केलेला असतो. बहुतेक वेळा एखादा सेल इतरांच्या पुढे जाऊन ३.६५ व्होल्टला टेकलेला असतो. अशी बॅटरी लोड आल्यावरही थोडा वेळ मागे राहू शकते, कारण बंद मॉस्फेटच्या (बीएमएसमधल्या इलेक्ट्रॉनिक स्विचच्या) आतल्या डायोडमधून करंट जाताना अर्धा-पाऊण व्होल्ट तिथेच पडतो. बीएमएसने रस्ता उघडला की ती पुन्हा रांगेत येते. याचं मूळ सेलच्या बॅलन्समध्ये (सगळे सेल सारखे भरलेले असण्यात) आहे, केबल बदलून काही होणार नाही.

जुन्या दोन मागे आणि नव्या दोन पुढे असतील तर जुन्यांचा आतला रेझिस्टन्स वयानुसार वाढलाय. हा दोष नाही, वय आहे. एवढंच पाहायचं की नव्या दोन त्यांच्या बीएमएसच्या मर्यादेत राहतात ना.

एक गोष्ट इथे मुद्दाम थांबून सांगतो, कारण तिच्यामुळे चांगल्या बॅटऱ्या परत पाठवल्या जातात. लिथियम आयर्न फॉस्फेटचा व्होल्टेज मधल्या भागात जवळजवळ सपाट असतो. ३० टक्के आणि ७० टक्के यांच्यात सेलमागे व्होल्टचा अगदी बारीक अंश बदलतो. त्यामुळे मधल्या भागात हिस्से फक्त रेझिस्टन्स ठरवतो. बँक रिकामी होत आली की पुढे धावलेली बॅटरी खाली येते, तिचा व्होल्टेज पडतो आणि मागे राहिलेली आपोआप जास्त भार घेते. मधे १८ आणि १३ असलेले आकडे शेवटी १२ आणि २० होतात. म्हणजे एका क्षणाच्या आकड्यावर बॅटरीला नापास करता येत नाही. पूर्ण भरल्यापासून उतरेपर्यंत प्रत्येकीने किती ॲम्पिअर-तास दिले ते बघा. ते जवळपास सारखे असतील आणि कुठलीच मर्यादेबाहेर जात नसेल, तर बँक ठीक आहे.

एकाच मेकच्या, एकाच वयाच्या बॅटऱ्यांत मधल्या भागात सरासरीच्या दहा टक्क्यांपर्यंतचा फरक मी सोडून देतो. जुन्या-नव्या एकत्र असतील तर वीस. त्यापुढे शोध घ्यायचा.

पायरी ४: मिलिव्होल्टने दोष पकडा

सगळ्या तपासणीत हीच पायरी मला सर्वात मोलाची वाटते. लोड चालूच ठेवायचा. मल्टिमीटर डीसी मिलिव्होल्टवर. एक प्रोब बॅटरीच्या टर्मिनलच्या धातूवर, बोल्टच्या डोक्यावर नाही. दुसरा प्रोब त्याच जागी बसलेल्या थिंबलच्या नळीवर. दोन्ही एकाच टोकाला, त्यामुळे मोठा व्होल्टेज मधे नाही, फक्त त्या जोडात किती पडतो ते दिसतं. चांगल्या जोडात १५-२० ॲम्पिअरला दोन-तीन मिलिव्होल्टच्या वर काही दिसू नये.

मग थिंबलची नळी ते केबलची तार (क्रिम्प, म्हणजे दाबून केलेला जोड). मग फ्यूजची दोन टोकं, एमसीबीची दोन टोकं, बसबारचा जोड. प्रत्येक बॅटरीच्या प्लस आणि मायनस दोन्ही बाजूंनी. मिळालेल्या मिलिव्होल्टला त्या बॅटरीच्या ॲम्पिअरने भागलं की थेट मिलिओहम मिळतात.

निफाडकडच्या एका शेतघरातली बँक डोळ्यांपुढे आहे. तिघींचे आकडे १७-१८ ॲम्पिअर, तीन नंबरचा ११.६. मालकांनी नवीन बॅटरीसाठी कोटेशनही मागवलं होतं. प्लसच्या बाजूला टर्मिनल ते थिंबल इतर ठिकाणी २ मिलिव्होल्ट, तीन नंबरला ७०. भागाकार केला तर ६ मिलिओहम, म्हणजे एका जोडात निम्म्या बॅटरीएवढा रेझिस्टन्स. लोड बंद करून बोल्ट काढला. स्प्रिंग वॉशर थिंबलच्या वर असायला हवा तो खाली, टर्मिनल आणि थिंबलच्या मधे बसवलेला. थिंबल त्या वॉशरच्या कापलेल्या कडेवर टेकलेली, तेवढ्याच चंद्रकोरीएवढ्या जागेत तांबं तपकिरी झालेलं, बाकी थिंबल कोरी. स्लीव्हचं तोंड किंचित आकसलेलं. वॉशर वर घेतला, दोन्ही पृष्ठभाग घासून चकाकवले, बोल्ट ठरलेल्या टॉर्कला आवळला. चौघीही १६ च्या आसपास आल्या. कोटेशन रद्द.

क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे: टर्मिनल, त्याला थेट टेकलेली थिंबल, तिच्यावर साधा वॉशर, त्यावर स्प्रिंग वॉशर, मग बोल्ट. करंटच्या वाटेत तांब्याशिवाय काही येता कामा नये. एकाच टर्मिनलवर तीन-चार थिंबल रचू नयेत. रचाव्याच लागल्या तर सर्वात जास्त करंटची थिंबल तळाशी.

क्रिम्पमध्ये मिलिव्होल्ट सापडले तर ती थिंबल कापून टाका. हातोड्याने ठोकलेली किंवा पक्कडीने दाबलेली क्रिम्प दुरुस्त होत नाही. नाशिकच्या सातपूर-अंबडच्या पॅनेलवाल्यांकडे हायड्रॉलिक क्रिम्पिंग होतं, केबल घेऊन जा आणि करून आणा. पूर्ण केबलच गरम वाटत असेल तर टोक खरवडून आतला रंग बघा. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल वजनाला हलकी लागते आणि खरवडल्यावर आत पांढरी दिसते. ती बँकेत ठेवू नका.

आपल्या भागातली आणखी एक अडचण. बॅटऱ्या पुष्कळदा औषधांच्या खोलीत ठेवल्या जातात, कारण ती पक्की आणि कुलपाची असते. भुरीसाठी आणलेलं गंधक तिथेच, मोरचूदही तिथेच. गंधकाची पूड उघड्या तांब्यावर बसली की तांबं काळं पडतं आणि जोड हळूहळू बिघडतो. बेदाण्याच्या शेडमध्ये गंधकाची धुरी देतात तिथेही हेच होतं. खोली बदला. बदलणं शक्यच नसेल तर कल्हई केलेल्या थिंबल वापरा आणि टर्मिनलवर झाकणं लावा.

पायरी ५: बॅटरीचा आतला रेझिस्टन्स

जोड सगळे स्वच्छ निघाले तरच बॅटरीकडे वळायचं. तिच्या टर्मिनलवर व्होल्टेज दोनदा मोजा: एकदा जवळजवळ लोड नसताना, एकदा लोडवर, मधे अर्धा मिनिट. समजा २ ॲम्पिअरला ५३.१० आणि १७ ॲम्पिअरला ५२.९० व्होल्ट. फरक ०.२० व्होल्ट, १५ ॲम्पिअरमागे. म्हणजे साधारण १३ मिलिओहम. चारही बॅटऱ्यांचा असा आकडा काढा. एकीचा इतरांच्या दीडपट किंवा दुप्पट असेल तर आता वॉरंटीचा अर्ज करायला ठोस कारण आहे, आणि तो अर्ज या आकड्यांसकट करा. पॅक स्वतः उघडू नका, वॉरंटी तिथेच संपते.

तापमानही तपासा. निफाडचा पारा थंडीत किती खाली जातो हे आपण दरवर्षी वाचतो. थंड बॅटरीचा रेझिस्टन्स वाढतो. बाहेरच्या भिंतीला टेकलेली बॅटरी पहाटे मागे राहत असेल आणि दुपारी बरोबर चालत असेल, तर जागा बदला. उन्हाळ्यात पत्र्याखाली याच्या उलट.

पायरी ६: मांडणी बदला

दोनच बॅटऱ्या असतील तर तिरपी जोडणी पुरते: प्लस एकीवरून, मायनस दुसरीवरून. तीन किंवा जास्त असतील तर मी बसबारशिवाय काम करत नाही. प्रत्येक बॅटरीपासून बसबारपर्यंत स्वतंत्र केबल, सर्व एकाच लांबीच्या, एकाच जाडीच्या, एकाच मेकच्या थिंबलच्या. लांबी सर्वात दूरची बॅटरी ठरवते. जवळच्या बॅटरीची केबल 'उगाच लांब' दिसली तरी कापायची नाही. इन्व्हर्टरच्या केबल बसबारच्या मधोमध घ्या, किंवा प्लस एका टोकाला, मायनस दुसऱ्या टोकाला.

प्रत्येक बॅटरीला तिचा स्वतंत्र डीसी फ्यूज हवा, शॉर्ट झाल्यावर बाकी तिघींचा करंट तिच्यात शिरू नये म्हणून. सगळे एकाच प्रकारचे, कारण फ्यूजलाही रेझिस्टन्स असतो. एकीला फ्यूज आणि दुसरीला एमसीबी, असं मिश्रण नको.

काम सुरू करताना आधी सोलर, मग ग्रिड, मग लोड, शेवटी बॅटरीचे ब्रेकर बंद करा आणि इन्व्हर्टरचे कपॅसिटर उतरू द्या.

पायरी ७: सगळ्यांना एका पातळीवर आणा

वेगवेगळ्या भरलेल्या बॅटऱ्या थेट जोडू नका. एक भरून ५७ व्होल्टला आणि दुसरी ५० ला असेल तर फरक ७ व्होल्ट आणि वाटेत जेमतेम २५ मिलिओहम. हिशोब २८० ॲम्पिअरवर जातो. म्हणून प्रत्येक बॅटरी एकटी ठेवून पूर्ण भरा. चार्जिंग ५६.८ व्होल्टला ठेवा, करंट ५ ॲम्पिअरच्या खाली येईपर्यंत. मग थोडा वेळ सोडून व्होल्टेज मोजा, ते एकमेकांच्या ०.१ व्होल्टच्या आत आले की जोडा.

ज्या बॅटरीचा चार्जिंगचा रस्ता आधीच बंद होत होता, तिला वरच्या व्होल्टेजला जास्त वेळ द्यावा लागतो. बीएमएसचा बॅलन्सिंग करंट पुष्कळदा १०० मिलिॲम्पिअर किंवा त्याहून कमी असतो. सेलमध्ये ५ ॲम्पिअर-तासांचा फरक असेल तर तो भरून निघायला ५० तास लागतात, आणि तेही फक्त बॅटरी वरच्या टोकाला असताना. एका दुपारी निकाल मागू नका. सेलचे व्होल्टेजही वरच्या टोकालाच बघा, मधल्या सपाट भागात सगळे सेल सारखेच दिसतात.

इन्व्हर्टरची सेटिंगही याच वेळी पाहून घ्या. लेड-ॲसिडचं इक्वलायझेशन (मुद्दाम जास्त व्होल्टेजने चार्ज करणं) बंद, फ्लोट (भरल्यानंतर धरून ठेवायचा व्होल्टेज) ५४ व्होल्टच्या आसपास, किंवा बॅटरीच्या पुस्तिकेत दिलं असेल ते. कम्युनिकेशन केबल असेल तर डिप स्विचवर (बॅटरीवरच्या बारीक स्विचवर) प्रत्येक बॅटरीचा पत्ता वेगळा आहे का तेही.

नवी बॅटरी जोडण्याआधी

आहे त्या बँकेचे पायरी २ आणि ४ चे आकडे आधी घेऊन ठेवा, म्हणजे नवी आल्यावर तुलना करता येईल. लेबलवर केमिस्ट्री आणि सेलची संख्या वाचा. बाजारात १५ सेलच्या ४८ व्होल्टच्या बॅटऱ्याही मिळतात, खास करून टॉवरवरून निघालेल्या. त्या १६ सेलच्या बँकेत जोडायच्या नाहीत, चार्जिंगला त्यांचा प्रत्येक सेल जास्तीच्या व्होल्टेजला जातो. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या जोडीला दुसऱ्या केमिस्ट्रीची बॅटरी तर मुळीच नको.

जोडणी झाल्यावर प्रत्येक बोल्टपासून टर्मिनलपर्यंत मार्करने एक रेघ ओढा. आठवड्याने तीच गिझर-इस्त्रीची चाचणी करा आणि आकडे आधीच्या शेजारी लिहा. रेघ तुटलेली दिसली तर आवळण्याआधी तिथले मिलिव्होल्ट मोजा.